फेस न येणारं आम्ल

"कॅन टेबलावर नको, खाली ठेवा," असं मी जरा जोरातच म्हणाले आणि तो दचकला. सांगलीच्या आमच्या माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये भरतेश पहिल्यांदा आला तो असा. नांद्र्याचा द्राक्षबागायतदार. उंच, सावळा आणि... बोलायला महाकंजूष. ठिबकच्या नळ्यांत साचलेला क्षार काढायला त्यानं ॲसिड आणलं होतं. ते भेसळीचं आहे, अशी त्याची खात्री होती.

"शेजाऱ्याचं फरशीवर टाकलं की फसफसून उठतंय. ह्येचं बगा, नुसतं बुडबुडं."

आमच्याकडं ॲसिडची परीक्षा अशीच होते — फरशी बिघडली की माल चांगला! भेसळ नाही, हे सौम्य आम्ल आहे, एवढं मी सांगितलं. तो खाली बघून हसला आणि माझा तो दिवस कामातून गेला.

मग तो येतच राहिला. कधी बोअरचं पाणी, कधी द्राक्षाचे देठ, कधी त्याच बोअरचं पाणी पुन्हा. मला कळत होतं. पण हा बोलेल तर शपथ! आणि रविवारी पुण्याची मंडळी मला बघायला येणार होती. त्यांना काय कळवायचं ते आप्पांना, माझ्या वडलांना, आजच हवं होतं. नाही म्हणावं, तर कुणाच्या भरवशावर?

नेमकं आजच त्यानं विचारलं, "सौम्य म्हंजे कमजोर का वो?"

मी लॅबमधलं एक तीव्र आणि एक सौम्य आम्ल पाण्यात सारख्याच प्रमाणात मिसळलं. आम्लता दाखवणारी कागदाची पट्टी तीव्र आम्लात लालभडक झाली, सौम्य आम्लात नुसती नारिंगी.

"तीव्र आम्ल पाण्यात पडताच सगळा हायड्रोजन सोडून मोकळं होतं," मी म्हणाले. "सौम्य आम्ल थोडाच सोडतं. बाकीचा धरून बसतं." 'धरून बसतं' मी मुद्दाम ठासून म्हटलं.

मग दोन्हींत आम्ल संपलं की गुलाबी होणारं रंगद्रव्य टाकलं आणि ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, आम्ल मारणारी अल्कली थेंब थेंब सोडली. तो माझ्या खांद्याशी वाकून बघत होता. दोन्ही फ्लास्क गुलाबी व्हायला अल्कली सारखीच लागली.

"आँ? मग ह्ये कमजोर कसं?"

"नाहीच. मागणी येत गेली की धरून ठेवलेलंही सोडत जातं. शेवटी देतं तेवढंच."

मी ब्युरेट बंद केली. त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "रविवारी मला बघायला येतायत. आप्पांना काय सांगू?"

त्यानं फ्लास्कवरची नजर काढली. मग म्हणाला, "आप्पांना मी सकाळीच भेटून आलोय."

"आणि मला कधी सांगणार होता?"

"त्येच सांगाय आलोय... वाटंत सगळं जुळवलं हुतं, हितं आल्यावर इसरलो." त्याचे कान लाल झाले होते. "आप्पा म्हणाले, पोरगी व्हय म्हणाली तर आमची ना न्हाई. तुमी मला लय आवडता, कस्तुरी. म्हणा की व्हय."

खरं तर राग यायला हवा होता. पण मला आनंदच झाला. मी त्याच्यासमोरच घरी फोन लावला आणि पुण्याच्या मंडळींना नाही कळवा म्हणून सांगितलं. आप्पा काही बोलायच्या आत आईनं फोन घेतला.

"पोरगा तितंच उभा हाय न्हवं? जेवायलाच घिऊन ये."