सगळ्या वर्गाला गेलेला शेरा

"अम्मी, नंतर बोलतो. समोर एक मॅडम आल्यात... फार भडकल्यात."

दारात लॅपटॉप छातीशी धरून उभी असलेली उजमा म्हणाली, "भडकलेल्या मॅडमला मराठी कळतं. श्रीवर्धनची आहे मी."

कॉलेजच्या ई-लर्निंग विभागातला रेहान फोन ठेवता ठेवता कानापर्यंत लाल झाला. उजमाला मात्र त्याची दया आली नाही. दोह्यातल्या या कॉलेजात ती लॉजिस्टिक्स शिकवायची. यंदा लेखी पेपरऐवजी तिने मुलांना हमद पोर्टवर नेलं होतं आणि एकेका मालाचा जहाजापासून दुकानापर्यंतचा प्रवास व्हिडिओत सांगायला लावला होता. मुलांनी जीव ओतला होता. आणि कॉलेजची नवी सिस्टिम प्रत्येक व्हिडिओ परत फेकत होती, वर 'शब्दसंख्या अपुरी' म्हणून शून्य देत होती.

"गुरुवारपर्यंत झालं नाही तर डीन पुन्हा लेखी पेपर लावणार आहेत."

"तक्रार टाकलीत का सिस्टिमवर?"

"टाकली ना. दर वेळी तुम्ही 'खलास' लिहून बंद केलीत."

रेहानने मान खाली घातली. "बसा... चहा मागवतो."

मग रोज वर्ग सुटला की ती त्याच्या टेबलापाशी. चाचणीसाठी मुलांचं काम वापरायला नको, म्हणून त्याने स्वतःच एक व्हिडिओ बनवला. दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या किराणा दुकानात उभं राहून, रत्नागिरीचं कोकम कतारला कसं येतं ते. चेहरा गंभीर, माहिती साफ चुकीची. आवाज मात्र...

"कोकम रोज विमानाने येतं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मार्क द्या, मॅडम. वाद नको."

"दहापैकी दोन."

"चहाचा एक तरी वाढवा."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

बुधवारी सिस्टिमने अखेर सगळे व्हिडिओ घेतले. बोलून शेरा द्यायची सोयही रेहानने बसवली. "करून बघा," म्हणत तो डीनना कळवायला गेला. खोलीत कोणी नव्हतं. उजमाने त्याचा कोकमाचा व्हिडिओ उघडला आणि ती माईकजवळ वाकली. "अभ्यास शून्य. पण हा आवाज... रोज ऐकायला मिळाला तर चालेल मला."

आणि पुसायचं समजून तिने भलतंच बटण दाबलं. शेरा सगळ्या वर्गाला गेला.

लगेच अनयचा मेसेज आला. वर्गात मराठी कळणारा तो एकटाच. "मॅम, हे नक्की माझ्यासाठीच आहे का?"

रेहान परतला तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली होती. त्याने शेरा ऐकला आणि सगळ्यांकडचा काढून टाकला. "डीननी लेखी पेपर रद्द केलाय," तो हळूच म्हणाला.

"'पाठवा' आणि 'पुसा' शेजारी-शेजारी? कुठल्या शहाण्याने ठेवली ही बटणं?"

"मीच." त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "तुम्ही म्हणालात ते... खरं होतं?"

"चाचणी होती."

"हां." त्याने स्क्रीनकडे तोंड फिरवलं. त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. वैताग आहे नुसता हा माणूस...

"रेहान, शुक्रवारी नमाजनंतर घरी जेवायला या. अब्बा तोंडी परीक्षा घेतात. फार कडक."

"आणि नापास झालो तर?"

"तर मी फेरपरीक्षा लावीन," ती म्हणाली. "पास होईपर्यंत."