धुण्याच्या दगडाजवळची अळंबी

आईच्या दिवसांना आलेली माणसं परत गेली आणि मुलुंडच्या त्या बैठ्या घरात नीला आणि तिचे बाबा, दत्ताराम, दोघंच उरले. नीला शाळेत जीवशास्त्र शिकवायची. संपानंतर गिरणी सुटली तेव्हापासून बाबा घरीच होते. आई गेल्यावर त्यांनी जेवण जवळजवळ सोडलंच. चहात बुडवलेलं बटर, कधी पेजेचे दोन घोट. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं होतं.

श्रावणात मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ, उजव्या अंगाला, अळंबी उगवली. आई तांदळाचं धुवण तिथेच ओतायची. पांढऱ्या टोप्या, मधोमध तपकिरी, वास ओल्या पिठासारखा.

बाबा उकिडवे बसून बघत राहिले. "तुझ्या आवशीन धाडल्यान गो. आज मी जेवतलंय."

शेजारची मंजुळा कुंपणावरून डोकावली. "दत्तारामभाऊ, कुत्र्याच्या छत्र्या असतील त्या. वाट लागेल पोटाची. शिजवताना चांदीचं जोडवं टाका आत. काळं नाही पडलं तर खुशाल खा."

आईही तसंच करायची. पण अळंबीतलं विष चांदीला कळत नाही हे नीलाला ठाऊक होतं. तिने एक टोपी देठापासून खुडली, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर वाटी झाकली. टोपीखालच्या पडद्यांतून बीजाणू गळतात. पुस्तकाप्रमाणे या रूपाच्या अळंबीत कागद गुलाबी झाला तर ती खायची, हिरवा झाला तर विषारी.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिने वाटी उचलली. कागदावर मळकट हिरवं वर्तुळ होतं.

तिने सगळी अळंबी उपटून टाकली. बाबा रागावले नाहीत. "ती माका इख घालतली?" एवढंच म्हणाले, आणि पेजही घेईनासे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना तिला त्यांचा आवाज ऐकू आला. ते दगडापाशी बसून हळू बोलत होते. "आपल्या चेडवाक, नीलाक, पटाक नाय. जरा बघ गो."

पुढच्या सकाळी अळंबी पुन्हा आली. तीच जागा, तेच रूप, तोच वास. कागद गुलाबी झाला.

नीलाने दुसरी टोपी ठेवून पाहिली. गुलाबी. खिडकीशी उभं राहून तिने पुस्तकातलं पान परत वाचलं. असं होत नाही, असं पुस्तक म्हणत होतं. तिने स्वतः आधी घासभर खाल्लं, दिवसभर वाट पाहिली, मग कांदाखोबऱ्याचं वाटप लावून बाबांना वाढलं. ते भातावर भात घेत गेले. बोटं चाटत म्हणाले, "तसोच सवाद." नीला स्टोव्हकडे तोंड करून उभी राहिली आणि उगाचच वात खालीवर करत राहिली.

मग अळंबी येतच राहिली. बाबांच्या गालांवर तेज आलं. मंजुळा म्हणाली, "काय भाऊ, झकास दिसताय, दुसरं लग्नबिग्न ठरवलंय काय?" बाबा चक्क हसले. नीलाने आश्चर्य करणं सोडलं, पण रोज कागद ठेवणं सोडलं नाही.

एका सकाळी दगडाच्या दोन्ही अंगांना अळंबी होती. उजवीकडे, आणि पहिल्यांदाच डावीकडे. फरक काही दिसत नव्हता. तिने दोन्हीकडची एकेक टोपी वेगवेगळ्या कागदांवर ठेवली.

"मी येईपर्यंत हात लावायचा नाही हं, बाबा."

"नाय गो, नाय."

संध्याकाळी दारातच वाटपाचा वास आला. स्वयंपाकघरात दोन पातेली होती. पाटासमोर तिचं ताट झाकून ठेवलेलं. शेजारचं ताट रिकामं, पुसून घेतल्यासारखं लख्ख.

बाबा मागच्या दारात उभे होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. "उजवीकडची तुझी," ते म्हणाले. "पोटभर जेव. तिनं येगळी लायल्यान."

नीलाने वाट्या उचलल्या. उजवीकडचा कागद गुलाबी होता.

डावीकडचा हिरवा.

ती कुंपणाशी धावली. मंजुळाला हाका मारून रिक्षा आणायला पिटाळलं. घशात बोटं घाला म्हणून बाबांना विनवायला ती मागे वळली.

ते धुण्याच्या दगडावर जाऊन बसले होते. दगड चांगला रुंद होता. बाबा मात्र अगदी कडेला सरकले होते, आणि उरलेल्या जागेवरचं पाणी ते सदऱ्याच्या बाहीने पुसून काढत होते.