खोक्यावरचं नाव

उष्णता कधी नाहीशी होत नाही. ती फक्त जागा बदलते. या एका त्रिकालाबाधित सत्यावर त्योह बून किएतने वीस-बावीस वर्षं पोट भरलं. पेनांग बेटावरच्या बायान लेपासच्या एका कारखान्यात नव्या चिपा भट्टीत घालून तापवायच्या, कोणती मान टाकते ते बघायचं आणि मान न टाकणाऱ्या तेवढ्या गिऱ्हाइकाकडे पाठवायच्या, हे त्याचं काम. ते सत्य त्याने विभागातल्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. गेल्या वर्षी विभागानेही जागा बदलली. भट्ट्यांसकट, फळ्यासकट तो दुसऱ्या देशात गेला. बून किएत तेवढा मलेशियात, पेनांगमध्ये राहिला.

पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला तो नव्हता. सिंगापूरच्या एका कंपनीला संगणकांनी भरलेल्या खोल्यांतून हवा कशी खेळते याचं गणित घरबसल्या करून देणारा माणूस हवा होता. एक काम चाचणीचं. शुक्रवारी हातात पडलं तर तीन वर्षांचा करार. नाही पडलं तर रांगेत इतर उभे होतेच, आणि ते सगळे त्याच्याहून तरुण होते. पंचेचाळिशीतल्या माणसाला कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, हे तो वर्षभरात शिकला होता.

असल्या गणिताला दांडगं यंत्र लागतं. तयार यंत्रांवर त्याचा विश्वास नव्हता. ती कशी तपासली जातात हे त्याला ठाऊक होतं. त्याने एकेक भाग मागवला आणि आयर इतामच्या घरी, बाराव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर, यंत्र स्वतः जोडलं. आई, गाइक चू, समोर बसून कोळंबी सोलत होती. त्याने तिला दोनदा ताट सरकवायला सांगितलं. तिने त्याला दोनदा मदरबोर्ड.

सुरुवातीला यंत्र गुणी निघालं. मग चिनी सातवा महिना लागला, पितरांचा आणि भुतांचा. रस्तोरस्ती मनगटाएवढ्या उदबत्त्या उभ्या राहिल्या, मंडप पडले, भुतांसाठी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या ठेवून गाण्याचे कार्यक्रम सुरू झाले. महिन्याच्या मध्यावर कधीतरी यंत्र तापायला लागलं.

तापतं म्हणजे किती? नव्वदीच्या घरात, आणि तेही काही काम न करता. पडद्यावर बघावं तर प्रोसेसर जवळजवळ बसून. गणित सुरू केलं की आकडा शंभरी गाठायचा आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी पटकन बंद पडायचं. गणित पुन्हा पहिल्यापासून.

बून किएत चिडला नाही. चिडणं ही त्याच्या मते हौशी लोकांची पद्धत. त्याने कूलर काढला आणि तळाला कारखान्यातलं पातळ प्लास्टिक तसंच राहिलंय का ते आधी पाहिलं. जगातले निम्मे आजार तेवढ्यानेच होतात. प्लास्टिक नव्हतं. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने आवळले. पंख्यांची तोंडं तपासली. पुढून हवा आत, मागून बाहेर. बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. मोजणारा प्रोग्रामच खोटं सांगत असेल म्हणून तापमान मोजायची बंदूक आणली. निरोपाच्या वेळी कारखान्याने त्याला दिलेली ती एकच उपयोगी वस्तू. बाकी घड्याळ होतं. बंदुकीने तेच सांगितलं. ताप खरा होता.

आईचं निदान तोवर तयार होतं.

"उष्ण पडलंय त्याला," ती म्हणाली. "डुरियानचे गरे खाल्ले की तुला पडतं तसं."

आणि तिने शेवंतीच्या फुलांच्या गार चहाचा पेला यंत्राशेजारी आणून ठेवला. त्याने तो पिऊन टाकला.

रोज एकाच वेळी ताप चढतो, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. सकाळी यंत्र शहाण्यासारखं वागायचं. दुपारची जेवणं आटोपली, आईने भांडी विसळून पालथी घातली, की पंखा गरजायला लागायचा. तोही एकसारखा नाही. खूप वेळ गरजायचा, मग एकदम गप्प. बराच वेळ शांतता. मग पुन्हा गरजणं. संध्याकाळच्या कॉफीच्या सुमाराला सगळं थंड.

बुधवारी दुपारी तो यंत्रासमोर नुसता बसून होता. काहीही चालू केलेलं नव्हतं. आई स्वयंपाकघरात खलबत्त्यात मिरच्या कुटत होती. पंखा गरजला, गरजत राहिला, आणि थांबला.

"आता बाबांची खेळी," आई आतून म्हणाली. कुटणं न थांबवता.

थोड्या वेळाने खलबत्त्याचा आवाजही थांबला.

त्याचे बाबा गेल्या पावसाळ्यात वारले. शेवटची काही वर्षं ते रोज जेवणानंतर त्याच्या जुन्या संगणकावर चिनी बुद्धिबळ खेळायचे. पातळी सगळ्यात अवघड लावायचे आणि हरायला लागले की खेळी मागे घ्यायचे. संगणकाची पाळी आली की विचार करकरून त्याचा पंखा घरभर गरजायचा. बाबांची पाळी आली की गप्प. भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावरून पाळी कोणाची हे आईला कळायचं. "तुझं हे खटारं दमतं," बाबा त्याला म्हणायचे, "नवं कधी करतोस?" करतो, करतो, म्हणता म्हणता राहून गेलं.

आई हात पुसत दारात आली. "सवय," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आवाजावरून काही सिद्ध होत नाही, असं बून किएतने ठरवलं. उरला तो प्रोसेसरच सदोष. तो बदलून मिळेल, हमी होती. पण दुकानदाराला मूळ खोकं लागणार. खोकं त्याने पलंगाखाली जपून ठेवलं होतं. पलंगाखाली खोकं नव्हतं.

"ते? ते जाळलं मी," आई म्हणाली. "या महिन्याच्या पंधराव्या दिवशी. बाबांना पाठवलं."

त्याने तिला सगळं सांगायला लावलं. झालं होतं ते एवढंच: मेलेल्या माणसाला हवं ते कागदाचं करून जाळावं, त्याला ते तिकडे मिळतं. शर्ट, चपला, मोबाइल, सगळं मिळतं कागदाच्या दुकानात. पण संगणक तिला आवडला नाही.

"कसला तो संगणक. पाठीला पोक आलेला, आपल्याकडे पूर्वी होता तसला. तुझ्या बाबांनी तोंडावर फेकला असता माझ्या. मग म्हटलं, याचं खोकं आहे की. चांगलं जाड, वर चित्र, नंबरबिंबर सगळं खरं."

"नंबरसकट जाळलंस?"

"मग काय फाडून जाळायचं? खोटा नंबर चालतो होय तिकडे?"

"आणि नाव? बाबांचं नाव लिहिलंस ना वर?"

"लिहायचं कशाला. चिकटवलेला कागद होता ना पत्त्याचा. आपल्याच घरचा."

आई चिनी शाळेत शिकलेली. रोमन अक्षरं तिला फक्त बसच्या पाटीपुरती यायची. कुरियरच्या त्या कागदावर घरचा पत्ता होता हे खरं. त्याच्या वर, मोठ्या अक्षरांत, माल घेणाऱ्याचं नाव होतं. त्योह बून किएत.

त्याने हे तिला सांगितलं नाही. पहिल्यांदा त्याला हसू आलं. एकाच नंबरावर दोघं बसले तर यंत्र तापणारच, हमीच्या पत्रकात ही अट नसेल इतकंच.

गुरुवारी सकाळी तो बाजाराच्या मागच्या गल्लीत हूईकाकांच्या कागदाच्या दुकानात गेला. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण कारखान्याची रीत त्याच्या अंगात मुरलेली होती: एकेक शक्यता घ्यायची, तपासायची, खोडायची. मूर्खपणाची आहे म्हणून एखादी सोडली, तर तपासणी अपुरी राहते.

हूईकाका छताला टांगलेल्या कागदी मोटारीखाली बसून नूडल्स खात होते. बून किएतने बांबूच्या काड्या, जाड पुठ्ठा आणि चंदेरी कागद मागितला. काय करायचंय, असं काकांनी विचारलं. संगणक, असं त्याने सांगितलं. तयार आहे की, काका म्हणाले. पोक आलेला नको, तो म्हणाला. काकांना राग आल्यासारखा दिसला नाही. ही तक्रार जुनी असावी.

पैसे देताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, चुकून नाव दुसऱ्याच माणसाचं पडलं तर?"

"मग त्याला मिळणार. नाव असेल त्याचा माल."

"तो माणूस तिकडे नसला तर? परत येतो का?"

"परत कसा येईल?" काकांनी वाटीतला शेवटचा घास उचलला. "ठेवून घेतात. आज ना उद्या येतोच की माणूस."

दुपारी त्याने बाबांसाठी संगणक बांधला. आधी वाटलं होतं त्याहून मन लावून बांधला. पडदा सपाट. तीन पंखे, प्रत्येकावर हवेच्या दिशेचा बाण. कूलरच्या चंदेरी नळ्या. प्रोसेसरचा चौकोन चिकटवताना वाटाण्याएवढाच गोंद लावला. नंबर नवा घातला, आधीच्याशी न जुळणारा. शेजारी खरं यंत्र गरजत होतं, थांबत होतं, गरजत होतं. आईने ब्रशने बाबांचं नाव लिहिलं, आणि कागदाचा बुद्धिबळाचा पट स्वतः कापून आत घातला.

ऊन उतरल्यावर दोघं खाली गेली. पार्किंगच्या कडेला पत्र्याच्या पिंपात आधीच कोणाकोणाचं जळत होतं. संगणक आत ठेवला. चंदेरी कागदाने निळा जाळ धरला आणि ज्वाळा पुरुषभर वर गेल्या. शेजारची माणसं मागे सरली. आई पदराने तोंड झाकावं तसा हात धरून मागे सरली.

"किएत, मागे हो. भाजशील."

तो होता तिथेच उभा होता. त्याला झळ लागत नव्हती.

वर येऊन त्याने यंत्र सुरू केलं. आकडा चाळिशीत. सिंगापूरचं गणित लावलं, प्रोसेसर पूर्ण जुंपला. चाळिशीतच. इतक्या कामाला इतका कमी आकडा त्याने कारखान्यात कधी पाहिला नव्हता. पाहिला असता तर ती चिप बाजूला काढून ठेवली असती. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. गणित सलग चाललं, संपलं, वेळेआधी गेलं.

शुक्रवारी जेवणानंतर घर अगदी शांत होतं. आई थोडा वेळ बत्ता हातात धरून ऐकत राहिली, मग कुटायला लागली.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. काम पसंत. तीन वर्षांचा करार सोबत जोडला आहे. त्याने तो वाचला आणि सही केली. नाव नीट तपासून घेतलं: त्योह बून किएत. जळालेल्या खोक्यावर होतं तेच.

आईने आनंदाने ताटभर कुए, तांदळाच्या गोड वड्या, आणल्या. खिडकी उघडी होती, डासांनी आईला फोडून काढलं होतं.

"तुला नाही चावत ते?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की कालपासून त्याला एकही डास चावलेला नव्हता. डास त्याच्या अंगावरही बसत नव्हते.

ती त्याच्या कपाळावर हात ठेवायला वाकली, लहानपणी ठेवायची तसा. ठेवला, आणि लगेच उचलला.

"पंख्याखाली बसून बसून गार पडलायस," ती म्हणाली, आणि पंखा बंद करायला गेली.

बंदूक टेबलावरच होती. त्याने ती भिंतीवर धरली. एकतीस. टेबल, एकतीस. परत आलेल्या आईचा तळहात, चौतीस.

मग स्वतःच्या कपाळावर.

एकतीस.

त्याने खण उघडला, नवे सेल काढले, बंदुकीत घातले आणि पुन्हा धरली.

एकतीस.

जुने सेलही तसे चांगलेच होते.