'कॉपी झाली'ची चिठ्ठी

खोटं वाटलं तर वाटू दे, पण आमच्या मामांनी हे डोळ्यांत पाणी आणून सांगितलंय. आणि मामा काही ऊठसूट रडणाऱ्यातले नाहीत. गुरुवारची भर दुपार होती. तीन वाजले होते.

मामांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सगळे त्यांना 'पेचकस' म्हणतात.

मागच्या गल्लीतल्या काकूंनी एक जुनापुराणा कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला होता. स्क्रीन, स्पीकर, माइक, सगळं एकाच फुगीर निळ्या डब्यात. वर उचलायला मूठ. आणि प्लॅस्टिक इतकं पारदर्शक, की आतल्या तारासुद्धा दिसायच्या.

"ह्यांचा आवाज आहे हो त्यात," काकू म्हणाल्या होत्या. "शेवटच्या आजारपणात रोज तीन वाजता माझ्यासाठी काहीबाही बोलून ठेवायचे. तेवढा जपा."

मामांची एक पद्धत होती. डिस्कची कॉपी काढली की डब्यावर चिठ्ठी चिकटवायची, 'कॉपी झाली'. मगच डिस्क पुसून नवी सिस्टिम टाकायची.

काकूंच्या डब्याच्या वेळी मात्र घाई होती. चिठ्ठी आधीच चिकटवली. चहा पिऊन आले, चिठ्ठी पाहिली...

आणि डिस्क पुसून टाकली.

"बोंबला! कॉपी केलीच नाही!" रिकाम्या दुकानात मामा ओरडले.

काकूंना मात्र सांगितलं, "डिस्क आधीच जळाली होती."

"असू दे. तुम्ही तरी काय करणार?" काकूंनी उलट त्यांचीच समजूत घातली. "डबा तेवढा घरी आणून द्या. समोर असला की बरं वाटतं."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्या गुरुवारी त्यांनी डबा नेऊन काकूंच्या टेबलावर ठेवला. डिस्क काढलेली. वायर अजून पिशवीतच.

घड्याळात तीन वाजले...

खर्र...

स्पीकरमधून कुणीतरी घसा खाकरला.

मामांनी वाकून पाहिलं. निळ्या प्लॅस्टिकमागे डिस्कची जागा रिकामी होती.

मग आवाज आला... मामांचाच!

"बोंबला! कॉपी केलीच नाही!"

मामांना वाटलं, संपलं, काकूंना कळलं! त्यांनी भीत भीत वर पाहिलं.

काकू हसत होत्या. डोळे भरून आले होते.

"ऐकलंत? ह्यांचाच आवाज! मला हाक मारली! तुम्ही परत आणलात हो!" त्यांनी चक्क हात जोडले.

तेव्हाच सगळं सांगून टाकायचं. पण मामा "येतो" म्हणाले आणि सटकले.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास काकूंचा फोन आला. "आजही बोलले बरं का. पण एकच विचारत होते. दुरुस्तीवाल्याला काही सांगायचं होतं का? होतं का हो काही?"

"छे, काही नाही, काकू."

फोनमध्ये, काकूंच्या मागे... कुणीतरी घसा खाकरला.

मी मामांना म्हटलं, अजूनही जाऊन सांगून टाका.

"कुठल्या तोंडानं जाऊ?" मामा म्हणाले. त्यांची मान खालीच होती.

काकूंचा फोन अजून रोज तीनला येतो. हल्ली मामा तो उचलतच नाहीत.