जुन्या नावाचा कोणीही वापर करू नये

"दादा, हात आवर! माझी शपथ हाय तुला, हात आवर!"

गंगारामची बहीण, कमळाआत्या, वाळूतून धापा टाकत धावत आली, पण फार उशीर झाला होता... त्याच्या हातातली पटाशी थांबायला तयारच नव्हती! खर्र... खर्र... खर्र... होडीच्या पुढच्या अंगावर बावीस वर्षं झळकणारी, दर नारळी पौर्णिमेला स्वतःच्या हाताने नव्याने रंगवलेली ती पिवळीधमक अक्षरं कपच्या कपच्या होऊन वाळूत पडत होती. 'ते' गेला होता. 'ज' गेला होता. उरलेल्या अक्षरावर गंगाराम असा तुटून पडला होता, की बघणाऱ्याला वाटावं, याची या लाकडाशी सात जन्मांची दुश्मनी आहे!

आणि खरं काय होतं? त्या नावापलीकडे या माणसाला जगात काही नव्हतंच!

"पोरीचं नाव तासतोस? स्वतःच्या पोरीचं?" कमळाआत्याने त्याचं मनगट धरलं.

"माझ्या पोरीचं नाय गो ता आता," गंगाराम म्हणाला, इतक्या शांतपणे की कमळाआत्याची पकडच सुटली. "तिनंच सांगितलान. पेपरात छापून सांगितलान."

सकाळी जयगडच्या धक्क्याजवळच्या टपरीवर तो नेहमीसारखा चहा पीत बसला होता. समोर भिकाजी पेपर वाचत होता. हा भिकाजी पेपर वाचायचा तो पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, आणि तोही मोठ्याने, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असा! वाचता वाचता तो एकदम थबकला. चष्मा वर केला, खाली केला.

"गंगारामा... तुझ्या तेजूचं नाव आलंय रे."

गंगारामची छाती क्षणात फुगली! पोरगी दहावीला शाळेत पहिली आली होती, तेव्हाही असंच नाव आलं होतं. 'तेजस्वी गंगाराम डोर्लेकर.' ते कात्रण अजून देव्हाऱ्यामागे होतं. मुलगा नव्हता त्याला. आनंदी, त्याची बायको, पोर नऊ वर्षांची असताना गेली. डोर्लेकर हे आडनाव पुढे चालवायला कोणी नाही याचं दुःख त्याने कधीच केलं नाही, कारण शाळेच्या फळ्यावर, बक्षिसांवर, पासपोर्टवर, सगळीकडे त्याची तेजू ते नाव ताठ मानेने मिरवत होती.

"वाच की!" तो हसत म्हणाला.

भिकाजीने वाचलं, पण त्याचा आवाज प्रत्येक वाक्याला खाली खाली जात राहिला...

"जाहीर नोटीस. मी, तेजस्वी गंगाराम डोर्लेकर, लग्नानंतर माझे नाव ऋतिका ओमकार पालशेतकर असे झाले आहे. यापुढे सर्वांनी मला याच नावाने ओळखावे. जुन्या नावाचा कोणीही वापर करू नये. जुन्या नावाशी माझा कोणताही संबंध राहिलेला नाही."

टपरीवरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या!

कारण पेपराचा तो कोपरा सगळ्यांना ठाऊक होता. पाच वर्षांपूर्वी शिवा तांडेलने याच कोपऱ्यात आपल्या सागरचं नाव छापून आणलं होतं: हा माझा मुलगा नाही, याच्याशी माझा कोणताही संबंध नाही. त्या दिवसापासून सागरने गावात पाऊल टाकलं नाही. शिवा गेला तेव्हा त्याला अग्नी पुतण्याने दिला. जयगडात 'जाहीर नोटीस' याचा अर्थ तेवढा एकच होता: रक्ताचं नातं चारचौघांत तोडून टाकणं!

गंगारामने कप खाली ठेवला. चहा अर्धाच प्यायला होता. तो उठला आणि कोणाकडेही न बघता चालू लागला...

लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलेलं त्याने पाहिलं होतं की! ओमकारने सोन्याच्या अंगठीने 'ऋतिका' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गंगारामनेही वाजवल्या. त्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. त्याची आनंदीसुद्धा माहेरची मैना होती. सासरी आनंदी, माहेरी मैना, अशी दोन्ही नावं तिने मरेपर्यंत दोन्ही खांद्यांवर आनंदाने वागवली. ताटातलं नाव हे त्या घरापुरतं असतं, माहेरच्या दारात पाऊल पडलं की पोर पुन्हा आपलीच, असंच तो समजत होता. पण कागद? छापलेला कागद? 'कोणीही वापर करू नये'... कोणीही म्हणजे बापानेसुद्धा?

असू दे. लेकीचा शब्द त्याने आजवर कधी मोडला नव्हता. हाही मोडणार नव्हता! म्हणूनच घरी जाऊन त्याने पटाशी उचलली होती...

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा..." तेजूच होती. आवाज दबलेला, जणू कोणीतरी शेजारी उभं होतं. "गुरुवारी रत्नागिरीला येशील? कोर्टाजवळ. एका कागदावर तुझी सही हवी. बापाचीच लागते म्हणतात."

"कसला कागद?"

"नावाचा आहे रे... मी तुला नंतर सगळं सांगते. नाही झाली सही तर माझं जाणं राहील बाबा. ओमकार तिकडे एकटा किती दिवस काढणार?"

त्या मुलीच्या मनात त्या घडीला काय चाललं होतं, ते गंगारामला कुठून दिसणार! ओमकारने कॅनडातून बायकोला बोलावण्याचा अर्ज भरला, त्यात घरच्यांच्या सांगण्यावरून नाव घातलं ऋतिका पालशेतकर. पासपोर्टवर मात्र तेजस्वी डोर्लेकर. तिकडून विचारणा आली, ही ऋतिका कोण? उत्तर द्यायला तीस दिवस! मग व्हिसाचा एजंट धावला, नोटिशीचा मसुदा त्यानेच लिहिला, तिने वाचला आणि रडत रडत सही केली. बापाचं नाव आपण आपल्या नावातून काढलं, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्या शरमेने तिने सांगितलं नाही. आणि त्याने विचारलं नाही... हाय रे दुर्दैवा! दोन शब्द, फक्त दोन शब्द कोणीतरी बोलायला हवे होते!

"येतो," गंगाराम म्हणाला.

गुरुवारी त्याने लेकीच्या लग्नात घातलेला पांढरा सदरा घातला. पिशवीत सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पुडी घेतली, तिला आवडतात म्हणून. एसटीत बसल्यावर त्याच्या मनात आलं, आता कुठल्या नात्याने द्यायची ही पुडी? त्याने पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली.

कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यांच्या टेबलांची रांग होती. तेजू उभी होती. वाळली होती पोर! शेजारी तिची सासू, विमलाबाई, फाइल छातीशी धरून.

"या व्याही. वेळेवर आलात, बरं झालं. ऋतिका, कागद दे."

ऋतिका! ती हाक गंगारामच्या काळजात माशाच्या काट्यासारखी रुतली. आणि त्याची तेजू त्या हाकेला 'हो आई' म्हणाली...

कागद स्टॅम्पपेपरचा होता आणि सगळा इंग्रजीत. वकिलाने बोट ठेवलं. "इथे सही करा काका. आणि इथे."

गंगारामने त्या काळ्या मुंग्यांच्या रांगांकडे पाहिलं. त्याला एकही अक्षर कळत नव्हतं, पण कागद काय आहे ते पक्कं ठाऊक होतं! पेपरात तिने तोडलं. आता त्याने तोडायचं. दोन्ही बाजूंनी तोडल्याशिवाय सरकार मानत नसणार.

"ह्यावर सही केली की तिचं काम होईल ना?" त्याने एवढंच विचारलं.

"शंभर टक्के."

त्याने पेन उचललं. वादळात सुकाणू धरलेला तो हात, कधी न डळमळलेला तो हात, त्या पहिल्या अक्षरावर असा काही अडला की वकीलही वर बघू लागला. गं... गा... रा... म... आपल्याच हाताने आपली लेक अशी कागदावर सोडून देणारा बाप त्या कोर्टाने कधी पाहिला असेल का? त्याने सही केली. दुसरीही केली. एक टिपूससुद्धा डोळ्यांतून खाली पडू दिलं नाही, कागद भिजला असता तर तिचं काम अडलं असतं!

"बाबा," तेजू हळूच जवळ आली. "आईंनी सोडलंय मला. एक महिना. जाण्याआधी माहेरपणाला यायचंय मला तुझ्याकडे."

एक महिना! त्याला वाटलं, तिला उचलून तसंच घरी न्यावं. पण दुसऱ्याच क्षणी शिवाचा सागर आठवला. गाव काय म्हणेल? ज्या पोरीने पेपरात बापाला सोडलं, ती बापाच्या दारात? लोक तिला बोलतील, टोचतील. नको. तिला कोणी बोललेलं त्याला सोसलं नसतं.

"येऊ नको," तो म्हणाला.

"बाबा?"

"नको येऊ. तिकडची तयारी कर."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं, नाव बदललं म्हणून बाप रागावला, आणि रागावला ते योग्यच आहे... गंगाराम वळला आणि चालू लागला.

घरी कमळाआत्याने पिशवी उघडली. सोड्यांची पुडी जशीच्या तशी होती. तिने ती उचलून फडताळात ठेवून दिली.

मग तो महिना सुरू झाला. फोन वाजायचा, गंगाराम त्याच्याकडे बघत बसायचा. कमळाआत्याने एकदा उचलला. "दादा झोपलाय गो," ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर भावावर कडाडली, "खोटा बोलायला लावलास मला!" चौथ्या दिवशी फोन यायचा थांबला. गंगाराम बिननावाची होडी घेऊन जात होता, येत होता. जेवण पुढ्यात येत होतं, तसंच परत जात होतं. जिवंत माणसाचं सुतक धरता येत नाही म्हणून, नाहीतर त्याने तेही धरलं असतं!

सत्ताविसाव्या दिवशी, भर दुपारी, वाडीच्या तोंडाशी गाडी थांबली.

तेजू धावतच आली. विमानाला निघाली होती, मुंबईची वाट वाकडी करून. "आई, फक्त पाया पडून येते" म्हणून सासूची विनवणी केली होती तिने. घरात कोणी नव्हतं. ती किनाऱ्याकडे वळली... आणि तिथेच थिजली.

होडी होती. बाप होता. पण होडीवर तिचं नाव नव्हतं! जिथे पिवळी अक्षरं होती तिथे लाकूड खरवडून, ओरबाडून काढल्यासारखं उघडं पडलं होतं.

"बाबा! हे काय केलंस?"

गंगाराम जाळ्यावरून उठला. लेकीला पाहून त्याचे ओठ हलले, पण हाक बाहेर आली नाही. कुठल्या नावाने मारायची हाक?

"तूच पेपरात लिवलंस ना गो," तो खाली बघत म्हणाला. "जुन्या नावाचा कोणी वापर करायचा नाय. मी नाय केला. एकदासुद्धा नाय केला."

"अरे, ते... ते एजंटने..."

"आणि सही पण दिली. तुला सोडल्याची. आता तुझं काय अडायचं नाय."

"सोडल्याची?" तेजू किंचाळलीच! "कोणी सांगितलं तुला सोडल्याची सही म्हणून?"

ती वाऱ्यासारखी गाडीकडे पळाली, सासूच्या मांडीवरची फाइल ओढली, कागद सांडत, वाळूत अडखळत परत आली. हाच तो स्टॅम्पपेपर. हाच.

"ऐक बाबा. मराठीत सांगते, काय लिहिलंय ते. 'मी, गंगाराम भिवा डोर्लेकर, राहणार जयगड, शपथेवर सांगतो, की तेजस्वी ही माझी सख्खी मुलगी आहे... लग्नानंतर तिचं नाव ऋतिका झालं असलं, तरी ती आणि ही एकच आहे... ती माझी मुलगी आहे.' यावर सही केलीस तू! ह्याच्यावर!"

समुद्रही जणू थांबला. गंगाराम तिच्याकडे बघत राहिला, मग कागदाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"परत वाच," तो म्हणाला.

तिने परत वाचलं. आता तिला शब्द दिसत नव्हते, तरी वाचलं.

"कुठं लिवलंय ता... माझी मुलगी?"

तिने त्याचं खरबरीत बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. चौथी ओळ. आणि मग त्या म्हाताऱ्या देहातून असा काही हंबरडा फुटला, की वाडीतून कमळाआत्या अनवाणी धावत आली! "तेजू! तेजू! माझे बाय! तेजू गो..." महिनाभर गिळलेली हाक एकदम बाहेर पडत होती. बापलेक एकमेकांच्या गळ्यात पडून वाळूतच बसले.

"मी सांगायला हवं होतं रे तुला... लाज वाटली मला तुझं नाव काढताना..."

"मी विचारायला हवा होता."

वाटेवर ड्रायव्हरने हॉर्न दिला. "वाजवू नकोस रे," गाडीतून विमलाबाईंचा आवाज आला, आणि तो आवाज नेहमीचा नव्हता. पण त्यांनी तरी काय करावं? विमान थोडंच थांबणार होतं! मुंबईच्या वाटेवर वडखळपाशी गाडी गर्दीत अडकली की संपलंच.

गंगारामने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, त्याच्या ध्यानात आलं...

"एक महिना होता ना गो आपल्याजवळ?" त्याने विचारलं. "तू येणार होतीस ना?"

तेजूने होकाराची मान हलवली.

कमळाआत्याने सोड्यांची तीच पुडी आणून तिच्या हातात कोंबली. फाइलमधली त्या कागदाची झेरॉक्स तेजूने बापाजवळ ठेवली. गाडी धूळ उडवत चढावर गेली, वळली, दिसेनाशी झाली.

गंगारामने पिवळ्या रंगाचा डबा उघडला. ब्रश बुडवला, लाकडाला लावला. पण पटाशीने लाकूड इतकं खोल ओरबाडलं गेलं होतं की रंग भेगांमध्ये शिरत होता आणि ओघळत होता. 'ते' ची मात्रा काढली, ती खाली वाहत आली. पुसली. पुन्हा काढली. पुन्हा वाहिली.

"फळी बदलावी लागंल दादा," कमळाआत्या हलकेच म्हणाली.

त्याने ब्रश खाली ठेवला. सदऱ्याच्या खिशातून झेरॉक्स काढली, वाळूत बसला, आणि वरून बोटाने ओळी मोजल्या. एक, दोन, तीन, चार. तिथे बोट तसंच ठेवून, इंग्रजीचं एकही अक्षर वाचता न येणारा तो बाप मोठ्याने वाचू लागला.