बारा दारं, चोवीस वाट्या

नर्स तितिस कचेरीत शिरली तेव्हा पाक सुगेंग तिसरी नागासारी सोलत होते. केळीच्या पानातली वडी खायची आणि आलेल्या माणसाचं रडगाणं मान डोलवत ऐकायचं, एवढाच त्यांचा धंद्यातला वाटा. बाकीचं सगळं बू हास्तुतींकडे. पाक म्हणजे तिकडचे 'राव', बू म्हणजे 'बाई'.

बू हास्तुतींनी बावीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले होते. निवृत्त झाल्यावर योग्या शहरात खाजगी तपासाची पाटी लावली. माणूस मोठ्या गोष्टीत खोटं सफाईनं बोलतो, बेरजेत मात्र घसरतो, हे त्यांचं अनुभवानं झालेलं मत. पाक सुगेंग मूळचे बसचालक. आता बूंची स्कूटर चालवत आणि मधूनमधून चुकीचा आरोपी सुचवत.

"उद्या अकराला समिती बसणार आहे, बू," तितिस म्हणाली. "त्यांनी माझं नाव कापलं, तर मला पुन्हा कुठलाच दवाखाना उभा करणार नाही."

"आधी बस. मग सांग. आणि रडायचं असेल तर शेवटी रड, मध्ये नको. आकडे चुकतात."

तितिस बसली. अल्झायमर, म्हणजे म्हातारपणी हळूहळू सगळं पुसून टाकणारा आजार, तो टाळता येतो का यावर विद्यापीठाचं संशोधन चाललं होतं. गोंडांगसारी वस्तीतल्या बारा म्हाताऱ्यांनी त्यात भाग घेतला होता. सकाळी एक कॅप्सूल, संध्याकाळी एक. सहा जणांना मासळीच्या तेलाचा खास अर्क, सहा जणांना साधं सूर्यफुलाचं तेल. दोन्हींचा रंग सारखा, दोन्हींना वरून संत्र्याचा वास. कुणाला काय मिळतं ते म्हाताऱ्यांना ठाऊक नाही, तितिसलाही नाही. यादी बंद पाकिटात. तीन महिन्यांनी रक्त तपासलं.

"सहा जणांच्या रक्तात अर्क भरपूर आणि सहा जणांच्यात नाहीच, असं यायला हवं होतं," ती म्हणाली. "आलं काय, तर बाराच्या बारा जणांत निम्मा!"

"बाटल्या वाटल्या कुणी?"

"मीच. म्हणून तर सगळे म्हणतायत, पोरीनं घोळ घातला."

"घातलाच असेल," पाक सुगेंग सहानुभूतीनं म्हणाले. "वय आहे."

बूंनी त्यांच्यापुढची नागासारीची थाळी स्वतःकडे ओढली. "परत आलेल्या बाटल्या तपासल्या?"

"हो. अर्काच्या बाटलीत फक्त अर्क, तेलाच्या बाटलीत फक्त तेल. एकाही बाटलीत भेसळ नाही. फक्त पहिल्या महिन्याच्या मोजणीत प्रत्येक बाटलीत एक कॅप्सूल कमी निघाली. भरताना चुकलं असेल."

"बारा बाटल्यांत बारा वेळा? आणि प्रत्येक वेळी एकच?" बूंनी वहीत आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. "सुगेंग, स्कूटर काढा."

* * *

गोंडांगसारी म्हणजे नदीकडे उतरणारी एक अरुंद गल्ली. दारांवर खिळ्याला वाट्या लटकलेल्या. रोज घरटी चिमूटभर तांदूळ त्यात टाकायचा, गस्तवाल्यांनी तो गोळा करायचा आणि वस्तीच्या कामी लावायचा. जिम्पितानची ही रीत पोरासोरांनाही पाठ. बू मात्र चालताना प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबत होत्या.

"वाट्या काय बघताय?" सुगेंग म्हणाले. "आपल्या गल्लीतही आहेत."

"आपल्या गल्लीत दाराला एक वाटी असते."

सुगेंगनी मागे वळून पाहिलं. काही दारांवर एक वाटी होती, काही दारांवर दोन. दुसरीला झाकण होतं.

"उंदीर फार असतील," ते म्हणाले.

"मग तांदळाची वाटी उघडी का?"

सुगेंगनी घाम पुसला.

पहिलं घर म्बाह तुकिरांचं. आजी असो की आजोबा, सत्तरी उलटली की सगळे म्बाह. तुकिरा वस्तीची पुढारीण, सकाळच्या व्यायामात शिट्टी तिच्याच तोंडात. ओसरीवर ती आणि शेजारची म्बाह सार्जियेम केळीच्या पानात टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, गुंडाळत बसल्या होत्या. पायाशी एक लठ्ठ मांजर.

"गेंबुल, सरक. पाहुणे आलेत," तुकिरा म्हणाली. "चहा घेणार ना?"

"बिनसाखरेचा," सुगेंग म्हणाले. "डॉक्टरनं साखर बंद केलीय."

"डॉक्टर काय, श्वासही बंद करायला सांगतील!" आणि तिनं चमचा उभा राहील इतका गोड चहा आणला. योग्यात बिनसाखरेचा चहा मागणारा माणूस एक तर आजारी, नाही तर परगावचा.

"गोळ्यांचं विचारता?" तुकिरा म्हणाली. "सकाळी एक, संध्याकाळी एक. आमच्या वस्तीत नियम म्हणजे नियम. ती तितिस लेकरासारखी आहे. तिला कुणी काही बोललं तर बघून घेईन."

"घोटाळा झाला कसा असेल?"

"मला काय ठाऊक? मी टेंपेवाली." आणि ती एकाएकी मांजरावर ओरडली, मांजरानं काहीही केलेलं नसताना. तोवर सार्जियेम टेंपेची टोपली उचलून निघूनही गेली होती.

दुसरं घर म्बाह न्गादिमानांचं. साडेचार वाजले होते. म्हातारा होल्याचा पिंजरा एका हातात आणि दाण्याचा डबा दुसऱ्या हातात घेऊन निघालाच होता.

"पाखराला ऊन दाखवायला," तो म्हणाला. "रोज नेतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

बूंनी वर पाहिलं. ऊन केव्हाच घरांच्या मागे गेलं होतं. गल्लीत नुसती सावली होती.

"पाखरू गाणारं आहे?"

"छे. पण माझं ऐकून घेतं. बायको घेत नाही." त्यानं आत हाक मारून पाहुण्यांना चहा द्यायला लावला. तोही गोड. सुगेंगनी डोळे मिटून पिऊन टाकला, कर्तव्य म्हणून.

तिसरं घर म्बाह सार्जियेमचं. तिनं दार उघडून दोघांकडे निरखून पाहिलं.

"आपण कोण?"

"आत्ताच तुकिराबाईंच्या ओसरीवर भेटलो की."

"भेटलो का? अगंबाई. माझं हल्ली असंच. माझ्या थोरल्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं. ती गेली तेव्हा मला 'ताई' म्हणत होती. धाकटी मी, आणि ताई मलाच!" ती हसली, पण हसू लवकर संपलं. "बसा. चहा आणते."

कॅप्सूलबद्दल विचारलं तर म्हणे आठवत नाही. सकाळी घेते की संध्याकाळी? आठवत नाही. नर्सचं नाव? "ती गोड पोरगी ना? नाव गेलं बघा डोक्यातून."

परतीच्या वाटेवर सुगेंग हळहळले. "बिचारी! पण चहा मात्र फर्मास. दिवसभरात एकटीनंच साखर घातली नाही."

बू वाटेतच थांबल्या. मग इतक्या मोठ्यानं हसल्या की कडेची कोंबडी पळाली.

"काय झालं?"

"सुगेंग, आज पहिल्यांदा तुम्ही आरोपी बरोबर सांगितलात. आणि तुम्हाला पत्ताही नाही."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला व्यायाम संपला. वस्तीच्या सभामंडपात बारा म्हातारे घाम पुसत बसले. तितिस कोपऱ्यात, आणि संशोधनाचे प्रमुख डॉक्टर बास्कोरो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे. बूंनी त्यांना दोन कॅप्सूल आणायला सांगितल्या होत्या, एक अर्काची, एक तेलाची.

"अकराला समिती आहे," डॉक्टर म्हणाले.

"नऊच्या आत तुम्ही मोकळे. आधी मला सांगा, तितिसनं चुकीच्या बाटल्या चुकीच्या माणसांना दिल्या असत्या, तर काय झालं असतं?"

"भलत्यांच्या रक्तात अर्क दिसला असता."

"पण काहींच्या भरपूर, काहींच्या शून्य. बरोबर? सगळ्यांना तंतोतंत निम्मा नाही. डॉक्टर, गोंधळ इतका नीटनेटका नसतो. ही वाटणी आहे. बाटल्या निर्भेळ, रक्त मिसळलेलं. म्हणजे जे झालं ते बाटली आणि तोंड यांच्यामध्ये झालं. तिथे तितिस नसते."

म्बाह तुकिरा उगीचच शिट्टी पुसू लागली.

"वाटायचं तर खरं कुठलं आणि साधं कुठलं हे कळायला हवं. ते कुणी सांगितलं? सुगेंग, बशा मांडा."

सुगेंगनी दोन बशांत दोन कॅप्सूल फोडल्या. तुकिराच्या पायाशी निजलेली गेंबुल आळोखेपिळोखे देत उठली, एका बशीवरून सरळ पुढे गेली आणि दुसरी चाटूनपुसून साफ केली.

"संत्र्याच्या वासानं माणूस फसतो, मांजर नाही," बू म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात बाराही बाटल्यांत एकेक कॅप्सूल कमी होती. बाईंनी बारा चाखल्या, सहांवर पसंतीची मोहोर उमटवली. तुमच्या पथकातली ही बिनपगारी शास्त्रज्ञ."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मग वाटणी. काल मी मोजलं. गल्लीत दुसरी वाटी असलेली बरोबर बारा दारं. झाकण कशासाठी, तर गेंबुलसाठी. दुपारी प्रत्येकानं आपल्या बाटलीतली एक कॅप्सूल त्यात ठेवायची. साडेचारला न्गादिमान पाखराला ऊन दाखवायला निघणार, ऊन नसलेल्या गल्लीत, आणि दाण्याच्या डब्यातून खऱ्याची कॅप्सूल साध्याच्या वाटीत, साध्याची खऱ्याच्या वाटीत करत जाणार. सकाळची आपली, संध्याकाळची दुसऱ्याची. एक खरी, एक साधी. रक्तात निम्मा."

"पाखरू निर्दोष आहे," न्गादिमान पुटपुटला.

"पण म्होरक्या कोण?" सुगेंगना राहवेना. "तुकिराबाईच ना?"

"तुकिराबाईंना काही लपवता येत नाही. घाबरल्या की मांजरावर ओरडतात. सुगेंग, काल तुम्ही बिनसाखरेचा चहा किती वेळा मागितलात?"

"एकदाच. तुकिराबाईंच्या ओसरीवर."

"आणि दिला कुणी? ओसरीवर टेंपे गुंडाळत बसलेल्या आणि अर्ध्या तासात आपली तोंडं विसरलेल्या म्बाह सार्जियेमनी. तोंड विसरलं, साखर लक्षात राहिली."

सगळ्या माना सार्जियेमकडे वळल्या. मग म्बाह सार्जियेम पदर सावरून उठली.

"तितिस," ती म्हणाली, "तुझं नाव मला येतं, बाळा. तुझ्यावर बालंट येईल असं वाटलं नव्हतं. नाही तर पहिल्याच दिवशी बोलले असते."

"पण का, म्बाह?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "तुम्हाला साधी आली होती म्हणून?"

"मला खरी आली होती. मांजरानं माझी बशी फोडायची बाकी ठेवली." ती थांबली. "डॉक्टर, माझ्या बहिणीला सगळं विसरायला झालं, तेव्हा मला सगळं आठवत होतं. आमची विहीर, आईचं ओरडणं, चोरून खाल्लेले पेरू. सांगायचं कुणाला? ज्याच्याबरोबर हसायचं तेच माणूस गेलेलं. एकटीनं आठवत बसण्यात काय राम आहे? टिकायचं तर सगळे निम्मे निम्मे टिकू, म्हटलं."

तुकिरानं जोरात नाक शिंकरलं.

"बाराजणांची यादी कुठे लिहिली होती?" बूंनी विचारलं.

"लिहिली असती तर सापडलो असतो. दर सोमवारी जोड्या बदलायच्या, म्हणजे कुणी कुणाच्या उपकारात नको. सगळं इथे." तिनं कपाळावर बोट ठेवलं. "तीन महिन्यांत एकदाही चूक नाही. विचारा न्गादिमानला."

"एकदा," न्गादिमान म्हणाला. "पण तेव्हा मी चुकलो होतो."

डॉक्टर बास्कोरो बाकावर बसले. संशोधनाचं मातेरं झालं होतं आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. "गेल्या आठवड्यात स्मरणाच्या चाचणीत तुम्ही बाराही जण आधीपेक्षा बरे निघालात. अर्कानं म्हणावं, तर सिद्ध होत नाही. रोजचं चालणं, गप्पा, की हे कारस्थान, तेही सांगता येत नाही. गोंडांगसारीचे आकडे मला काढून टाकावे लागतील, आणि कारण लिहून द्यावं लागेल."

"काय लिहाल?"

"नर्स निर्दोष. मांजर दोषी." ते उठले. "चल तितिस, समितीला तूच सांग. मला सांगताना हसू येईल. आणि पुढच्या वेळी मी शहाणा होणार. या अख्ख्या गल्लीला एकच औषध, पलीकडच्या अख्ख्या गल्लीला दुसरं. मग वाटा काय वाटायचं ते!"

तितिस आता रडली. शेवटी रडायची परवानगी होतीच.

म्हातारे पांगू लागले. म्बाह सार्जियेमनं सुगेंगसमोर चहाचा पेला ठेवला, बिनसाखरेचा. मग सहज विचारावं तसं डॉक्टरांना विचारलं,

"पलीकडची गल्ली म्हणजे ती विहिरीजवळची ना?"

"हो. का?"

"काही नाही. माझी मावसबहीण राहते तिथे."

बू हास्तुतींनी वही उघडली आणि बारापुढे अधिकचं चिन्ह काढलं.