चार पेनीची कड

नागोरावांच्या पत्राला बापूरावांनी सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आज ते पत्र राजनंदिनीच्या हातात होतं.

कोथरूडला बापूरावांच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारी राजनंदिनी खासगी गुप्तहेर होती. जुनी ब्रिटिश नाणी जमवणारे बापूराव तिच्या तपासांना हौसेनं सोबत जात. पण स्वतःच्या घरची चोरी सांगायचा धीर त्यांना आजच झाला होता.

तिनं पत्र मोठ्यानं वाचलं. 'बापू, १८३८ची चार पेनी मी पाहिली, तुझ्या तळहातावर परत ठेवली आणि चहाचा कप उचलला. नाण्यांचा ट्रे तूच लावलास. नाणं मिळालं का? तू कळवेपर्यंत मी यायचा नाही.'

"पन्नास वर्षांचा मित्र," बापूराव पुटपुटले. "चोर म्हणवत नाही, आणि चोर नाहीस असंही लिहवत नाही."

"घरात आणखी कोण होतं?"

"मी," सून रुपाली दारातून म्हणाली. "पण ट्रेला हात लावायची कुणाची टाप आहे? त्याच्यासमोर शिंकायचीही बंदी! आणि बाबांना तरी तेव्हा कुठे दिसत होतं? मोतीबिंदू काढायचा होता. मीठ म्हणून साखर वाढून घ्यायचे."

"ट्रे आणा."

त्या दिवसापासून न उघडलेला ट्रे कपाटातून आला. मखमलीच्या खळग्यांत नखाएवढी चांदीची नाणी खोल बसली होती. एक खळगा रिकामा होता, आणि एकच नाणं तेवढं मखमलीच्या बरोबरीला आलं होतं. बापूरावांचा आवाज खुलला.

"ही तीन पेनी, त्या दिवशी हीही दाखवायला काढली होती. चार पेनीही एवढीच, सोळा मिलिमीटर. पण तिच्या कडेला बारीक दाते. हिची कड गुळगुळीत. एवढ्याशा चांदीवर केवढं काम, बघ!"

"बघते आहे. काका, चोर सापडला."

बापूरावांनी घाबरून रुपालीकडे पाहिलं.

"रुपाली ट्रेला शिवत नाहीत. नागोरावांनी नाणं तुमच्या हातात दिलं; तसं नसतं, तर तुम्ही तेव्हाच खडसावून उत्तर लिहिलं असतं. राहिले तुम्ही. डोळ्यांवर मोतीबिंदू, नाणी एकाच मापाची, आणि ही एकच अशी वर आलेली. चिमटीत धरून काढा. आता कडेवरून नख फिरवा."

वर गुळगुळीत. खाली दाते.

तीन पेनीच्या पोटाखालून चार पेनी निघाली.

"काय नजर आहे गं तुझी!"

"कडेचं तुम्हीच सांगितलंत. तुम्हाला नाण्यांची वर्षं पाठ, मित्राची मात्र सहा वाया घालवलीत."

बापूरावांनी कागद ओढला.

"अहो बाबा, फोन करा ना," रुपाली म्हणाली.

"त्यानं पत्रानं विचारलं होतं."

'नागू, नाणं गेलंच नव्हतं. चूक माझी. रविवारी ये. ट्रे या वेळी तू लाव.'

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्यांनी पत्र टाकलं, आणि मध्येच कुठे अडकलं तर नाही ना, म्हणून फटीत दोन बोटं घालून पाहिलं.